एकशे एकाहत्तरची रेघ

दादा,

काल रंगारी आला होता. चतुर्थीला एकवीस दिवस उरले आहेत, आणि आपलं घर दोन दिवसांत उरकून त्याला पुढच्या वाड्यावर जायचंय. बाहेरचा सोपा त्याने दुपारपर्यंत संपवला आणि मधल्या खोलीच्या भिंतीसमोर येऊन थांबला. हातात ब्रश तसाच.

"ह्या रेघांचां काय करूं? पुसूं?"

मी म्हटलं, ही भिंत आज राहू दे, उद्या सांगतो.

तुला जाऊन चोवीस दिवस झाले. बाराव्याला आलेली माणसं तुझ्याबद्दल खूप बोलली. तुझ्या काजूच्या बागेबद्दल बोलली, आणि आपल्या लाटंबार्शात गणपतीवरची फळांची माटोळी तुझ्यासारखी कोणी बांधत नसे हे तर प्रत्येकाने सांगितलं. मी पाट-पाणी बघत राहिलो. मला जे बोलायचं होतं ते त्या पंगतीत बोलण्यासारखं नव्हतं. ते तुलाच सांगायचं होतं, आणि चार वर्षं रोज एका घरात राहून, एका चुलीवरचं जेवून, मी ते सांगितलं नाही.

म्हणून आता लिहितो. माझी सवय तुला माहीत आहे, मी पहिल्यापासून सुरुवात करणार. "बाबू, तुझो काटो बंद कर आणि मुद्द्याचां बोल," असं तू म्हटलं असतंस. एकवीस वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर बसलेल्या माणसाला ते जमत नाही.

चार वर्षांपूर्वी लावणीच्या शेवटच्या दिवसांत तू बांधावर बसलास आणि बसल्या जागी कलंडलास. पंधरा दिवस तुला चक्कर येत होती आणि पंधरा दिवस तू ती पित्तावर ढकलत होतास. मी धावत आलो, तुझं मनगट धरलं आणि नाडी मोजली. चौतीस. मला वाटलं, चुकलो. घड्याळ समोर धरून पुरा मिनिट पुन्हा मोजली. चौतीसच. तू डोळे उघडून म्हणालास, "किती भरलां वजन?"

जवळच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी ईसीजीची पट्टी काढली. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघणारी वीज खालच्या कप्प्यात पोचतच नाही, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. खालचा कप्पा आपल्या मनाने कसाबसा चालला होता, आणि तो कधी थांबेल याचा नेम नव्हता. तुझ्या छातीवर एक आणि पाठीवर एक अशा दोन रुंद चिकट पट्ट्या लावल्या, त्यांच्या तारा एका यंत्राला जोडल्या आणि रुग्णवाहिकेतून आपल्याला मोठ्या इस्पितळात पाठवलं. ते यंत्र कातडीवरूनच हृदयाला झटके देत होतं, मिनिटाला सत्तर. प्रत्येक झटक्याला तुझी छाती, खांदा, हनुवटी उडत होती. दुखू नये म्हणून इंजेक्शन दिलं होतं तरी तू मध्येच जागा व्हायचास.

"कोण रे माका धपके मारता?"

"कोण नाय दादा. मशीन आसा."

"ताका सांग, एक पुरो. माका कळलां."

तिथे पोचायला पंचावन्न मिनिटं लागली. सत्तर गुणिले पंचावन्न म्हणजे तीन हजार आठशे पन्नास. मी ते गणित तिथे बसून केलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

इस्पितळात त्या पट्ट्या निघाल्या. तुझ्या उजव्या जांघेतल्या शिरेतून एक बारीक तार थेट हृदयात सोडली आणि तिचं दुसरं टोक खाटेच्या कठड्याला लटकवलेल्या डब्याला जोडलं. रेडिओएवढा डबा, वर दोन-तीन बटणं, आणि प्रत्येक ठोक्याला लुकलुकणारा एक दिवा. कायमचं यंत्र लगेच बसवता येत नव्हतं, कारण तुला ताप होता. शेताच्या चिखलातून होणारा ताप निघाला तर आधी तो उतरायला हवा होता. चार दिवस तू त्या तारेवर होतास. उजवा पाय वाकवायचा नाही, उठायचं नाही. वहिनी भात भरवायची आणि तू तिला सांगायचास की आडवं पडून जेवणारा माणूस आणि म्हशीचं रेडकू यात फरक नाही.

मी त्या दिव्याकडे बघत बसायचो. डॉक्टरीणबाई रोज सकाळी येऊन डब्याची वीज हळूहळू कमी करत जायच्या, आणि ठोके कुठे सुटायला लागतात ते बघायच्या. पाऊण मिलिअँपिअरला सुटायचे. मग त्या बटण परत वर न्यायच्या आणि दोनवर ठेवायच्या.

मी विचारलं, "पाऊण पुरे असेल तर दोन का?"

त्या म्हणाल्या, "पाऊण आत्ता पुरे आहे. तार जरा सरकली, ताप वाढला, तर पुरणार नाही. म्हणून नेहमी दुप्पट-तिप्पट राखीव ठेवायची."

हे वाक्य मला इतकं पटलं की मी ते वहीत उतरून घेतलं. दादा, तिथूनच सगळं सुरू झालं. त्या वाक्यात काही चूक नव्हती. मी ते जिथे लावायचं नव्हतं तिथे लावलं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी तुझ्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत यंत्र बसवलं. आगपेटीपेक्षा लहान, गुळगुळीत, आणि त्यातून दोन तारा शिरेतून हृदयात. नाडी साठच्या खाली जाऊ द्यायची नाही एवढंच त्याचं काम. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघांना समोर बसवून तीन गोष्टी सांगितल्या. एक, सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, तारा अजून आत रुजायच्या आहेत, सुटतील. दोन, त्या हाताने जड उचलायचं नाही. तीन, पण हात बांधून ठेवू नका. खांद्याच्या खाली रोज हलवत राहा.

वहीत मी पहिल्या दोन लिहिल्या. तिसरी ऐकली होती. लिहिली नाही. ऐकली नव्हती असं मला म्हणता येत नाही, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

घरी आल्यावर मी वहिनीच्या जुन्या सुती साडीची झोळी केली आणि तुझा हात छातीशी बांधला. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. राखीव धरून दुप्पट, चौऱ्याऐंशी. खांद्याच्या वर नाही म्हणजे राखीव धरून मुळीच नाही. आंघोळीला तेवढी झोळी सोडायची, तीही माझ्या देखत. रोज सकाळी कामावर निघण्याआधी मी तुझी नाडी मोजायचो, साठ, आणि गाठ तपासायचो. तू म्हणायचास, "गुरां पण दावणीक इतकी घट बांधत नाय रे," आणि बांधून घ्यायचास.

बांधून का घ्यायचास? तू तर कुणाचं ऐकणारा नव्हेस. हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

तेविसाव्या दिवशी चतुर्थी आली. दादा, माझ्या लहानपणापासून गणपतीवर टांगायची माटोळीची ती लाकडी चौकट तुझी होती. आदल्या चार दिवसांत तू रानात जायचास आणि कवंडळं, कांगलां, घागऱ्या, रानातली आणखी कितीतरी नावं न कळणारी फळं आणायचास. त्यात घरचा नारळ, सुपारीचा घोस, तोरिंजन, चिबूड. कुमयाच्या सालीचे दोर स्वतः सोलायचास. मग टांगलेल्या चौकटीखाली उभा राहून, दोन्ही हात वर करून, एकेक गाठ. चौकट खाली घेऊन बांधणारे तुला आवडत नसत. खाली बांधली की वर नेताना कलते, तोल टांगल्यावरच कळतो, असं तुझं म्हणणं. त्या वर्षी तू खुर्चीवर बसलास, हात झोळीत, आणि स्टुलावर मी चढलो.

"बाबू, गाठ मार. फास मारूं नको. कवंडळान कसलो गुन्हो केलो नाय."

"नारळ मध्ये की बाजूला?"

"माका विचारतय कित्याक? चौकटीक विचार."

मी चौकटीला काय विचारणार? मी वहीत लिहिलं, डावीकडून अकरा बोटांवर नारळ. तू वहिनीला हाक मारून सांगितलंस की वहीत बघून माटोळी बांधणारा गोव्यातला पहिला माणूस आपल्या घरात जन्माला आलाय.

पुढच्या वर्षी तुझी तू बांधशील, असं मी म्हटलं होतं.

दिवाळीच्या सुमारास चौऱ्याऐंशी दिवस भरले. मी झोळी सोडली. तू हात वर न्यायला गेलास आणि तो छातीपाशी थांबला. तू हसलास. परत नेलास, परत थांबला. तुझा चेहरा पांढरा पडला तेव्हा मला कळलं की तो दुखून थांबलाय.

इस्पितळातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने खांदा फिरवून बघितला. यंत्र बसवल्यावर हात भीतीने न हलवला की खांदा असा धरतो, ती म्हणाली. मग तिने विचारलं, "हात बांधून कोणी ठेवला होता?"

मी तिथेच उभा होतो. माझ्या हातात वही होती, वहीत चौऱ्याऐंशी हा आकडा होता.

तू म्हणालास, "माझोच आळस, बाय. मीच बांधून ठेवल्लो."

नंतर बसमध्ये बोलेन असं वाटलं. बसमध्ये तू खिडकीतून कोणाचं भात अजून कापायचं राहिलंय ते दाखवत होतास. घरी बोलेन असं वाटलं. तेव्हापासून आजपर्यंत दादा, एवढंच चाललं.

त्या मुलीने भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम दिला. भिंतीला बोटं टेकवायची आणि कोळ्यासारखी एकेक करत वर न्यायची. मी मधल्या खोलीत तुला उभं करायचो, दर रविवारी मधल्या बोटाच्या टोकाला पेन्सिलीने रेघ मारायचो, तारीख घालायचो आणि पट्टीने जमिनीपासून मोजायचो. पहिली रेघ एकशे अठरा सेंटिमीटर. शिमग्यापर्यंत एकशे एकेचाळीस. आंब्यांच्या दिवसांत एकशे अठ्ठावन्न. मग एकशे त्रेसष्ट, आणि तिथे अडली. अकरा रविवार त्रेसष्ट. एकाच रेघेवर रेघ येऊन ती जाड झाली आहे, रंगाऱ्याने तिच्यावरच बोट ठेवलं होतं. माटोळीच्या गाठीला तुझी बोटं एकशे नव्वदला पोचायला हवी होती. स्टुलावर चढलास तर जमलं असतं, पण स्टूल मी बंद केलं होतं. चक्कर आली तर?

बाराव्या रविवारी मी एका लग्नाला पेडण्याला गेलो होतो. संध्याकाळच्या बसने परत आलो तर भिंतीवर नवी रेघ होती. तू खुर्चीत बसून सुपारी कातरत होतास.

"आजचो आकडो घे. बघ तरी."

मी पट्टी लावली. एकशे एकाहत्तर.

आठ सेंटिमीटर, एका आठवड्यात! वजनकाट्यावर असा आकडा आला असता तर मी गाडी खाली उतरवून परत चढवली असती. तुझ्या एका दोस्ताची गाडी एका टनासाठी मी माघारी धाडली होती. "एक टन हंय-थंय झालो म्हणून डोंगर पडता काय?" म्हणून तू दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. पण त्या संध्याकाळी मी तुला परत हात वर कर म्हटलं नाही. मी तारीख घातली, वहीत १७१ लिहिलं, आणि त्यापुढे "सुधारणा" असा शब्द लिहिला. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

तू म्हणालास, आता पुरे, मोजणं बंद. मीही बंद केलं. चतुर्थीला म्हटलं, दादा, या वर्षी तू बांध. तू खुर्ची ओढून घेतलीस. "माझी सवय गेली. तूच बांध. हात बसलो तुझो."

भांडणं मात्र चालू राहिली, ते बरं होतं. रानात एकटा जाऊ नको म्हणून मी ओरडायचो, तू नाही जात म्हणायचास. मग एका वर्षीच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी तुझ्या छातीवर ते वाचायचं यंत्र धरलं आणि पडद्यावर आलेख दाखवला. दिवसाला तुझी हालचाल किती तास, तेही छातीतल्या त्या डब्यात नोंदलेलं असतं. वर्षभर दीड-दोन तास, आणि भाद्रपदाच्या तोंडावर चार दिवस एकदम पाच-साडेपाच.

"या दिवसांत काय करत होतात?"

तू छातीवर हात ठेवून म्हणालास, "ह्या डब्यान चुगली केली मगो!"

त्या हसल्या. मी हसलो नाही. परत येताना अख्ख्या वाटेवर तुझ्याशी भांडलो. तू एवढंच म्हणालास की कवंडळं दुकानात विकत घेऊन बांधायची तर ती माटोळी नव्हे, वाणसामान. या भांडणात तू बरोबर होतास. डब्यातसुद्धा तेच नोंदलं होतं की रानात गेलास आणि काही झालं नाही.

शेवटी हृदयाने दगा दिलाच नाही. मेंदूतल्या शिरेने दिला, चार तासांत. चितेच्या उष्णतेने यंत्रातली बॅटरी फुटते, म्हणून देह ताब्यात देण्याआधी ते काढावं लागतं. कागद माझ्यापुढे आला. तुझ्या डाव्या खांद्याखाली दुसऱ्यांदा माझ्या सहीने कापलं. तुला कपडे घालताना तुझा डावा हात वहिनीने धरला आणि सदऱ्याच्या बाहीत सहज वर नेला. आता तो कुठे अडला नाही.

आज सकाळी रंगारी यायच्या आधी मी वहिनीकडे गेलो. ती मागच्या दारी तांदूळ निवडत होती. मी नऊ वर्षांचा असताना ती या घरात आली; तिच्यासमोर मी अजून नऊ वर्षांचाच असतो. उभ्या उभ्या सांगितलं.

"वहिनी, दादाचो हात माझ्यामुळे गेलो. डॉक्टरीण म्हणाली होती, बांधूं नको. मी आयकलां होतां."

तिने मान वर केली नाही. "खबर आसा."

"तुका कोणी सांगलां?"

"त्यांनी. डॉक्टरीण सांगताना ते काय बहिरे होते? तुझ्याच बाजूक बसल्ले."

मी तिच्या सुपाजवळ खाली बसलो. "मग बांधून कित्याक घेतलो?"

"तुझी अवस्था कशी होती ती तुका खंय दिसत होती?" ती म्हणाली. "इस्पितळातसून आयलय तो जेवणावर लक्ष नाय, रातीक दोन-दोनदा उठून त्यांची नाडी मोजतय. मी त्यांका म्हटलां, सोडून टाका ती झोळी. तर म्हणाले, बांधूं दी ताका. तितकोच ताका धीर."

तिने सूप झटकलं. मग म्हणाली, "खांदो धरतलो ह्या मात्र त्यांका म्हायत नासलां. तां कळलां तेन्नासून माका बजावन ठेवलां, बाबूक सांगूं नको. तो तेंय मोजीत बसतलो."

मी उठायला लागलो तेव्हा तिने विचारलं, "ती वरची रेघ पुसतलो काय रे रंगारी?"

"कोणती? एकशे एकाहत्तर?"

"आकडो माका काय कळता? तू पेडण्याक गेल्लय तेन्नाची. पाटार उबे रावले आणि मारली. मी म्हटलां, ह्या कित्याक? तर म्हणाले, अकरा आयतवार तोंड पाडून बसता तो. एक दिस तरी जेवूं दी."

स्टुलाला बंदी होती. पाट बंदीत नव्हता.

देवघरातला तो पाट मी काढला आणि भिंतीशी ठेवला. पट्टी लावली. आठ.

वजनकाट्यावर खोटा आकडा सापडला की मी त्यावर तांबडी रेघ मारून बाजूला सही करत असे. वही उघडली, तांबडं पेन काढलं. १७१, आणि पुढे माझ्या अक्षरात "सुधारणा". मग पेन बंद केलं. एकवीस वर्षांत आणि त्यानंतरही मी असा आकडा कधी ठेवला नव्हता, हा ठेवला.

चौकट मी माळ्यावरून खाली काढली आहे. परवा रानात जातोय, कुमयाची साल आणायला. एकटा जाणार नाही असं वहिनीला सांगितलंय. कवंडळं कुठल्या वळणावर मिळतात ते तू मला कधी सांगितलं नाहीस. डब्याला तेवढं विचारता येत नाही. शोधीन. आणि खुर्ची मांडीन तिथेच, नारळ कलला तर माझं मला कळणार नाही, निदान विचारायची सवय तरी राहील.

दहा वाजता रंगारी आला. मी त्याला म्हटलं, सगळ्या रेघा पूस. एकशे अठरापासून एकशे त्रेसष्टपर्यंत सगळ्या, त्या खऱ्या आहेत, वहीत आहेत. सगळ्यात वरची तेवढी ठेव. तिच्याभोवती रंग मार.

तीन वर्षं दर चतुर्थीला तू त्याला ह्या भिंतीला हात लावू दिला नव्हतास, हे मला त्याच्याकडूनच आत्ता कळलं. तू काय सांगायचास तेही त्याने सांगितलं.

"आता तरी सांगा," तो म्हणाला, "ह्या रेघेत असा काय आसा?"

तू द्यायचास तेच उत्तर मी दिलं.

"भावाचो हिशेब आसा. हात लावूं नको."